शरीरात मुरलेला वर्णद्वेष : वारसा कशाचा आणि उपचार कोणावर?

कृष्णाकाठ :

मी मूळची मिरजेची. गेली चौदा वर्षे अटलांटामध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि त्यांतली शेवटची सहा वर्षे फुप्फुसांच्या पुनर्वसन विभागात आहे. दम लागणाऱ्या माणसांना पुन्हा नीट श्वास घ्यायला शिकवणे हे माझे काम. या कामात माणसाचा चेहरा नंतर लक्षात राहतो, आधी खांदे लक्षात राहतात. कारण पोटातून श्वास घेता येईनासा झाला की माणूस मानेच्या आणि खांद्यांच्या स्नायूंनी तो ओढू लागतो.

गेल्या वर्षी सत्तरी ओलांडलेल्या एक कृष्णवर्णीय आजी माझ्याकडे येत होत्या. त्यांचे बालपण ॲलाबामातल्या एका खेड्यात, कापसाच्या शेतांत गेलेले. त्यांचे खांदे सतत कानांकडे चढलेले असत. मी हलकेच हात ठेवून ‘सोडा’ म्हटले की ते बोटभर खाली येत आणि बाहेर कोणाची पावले जोरात वाजली की पुन्हा वर जाऊन बसत. हे फुप्फुसांच्या आजारामुळे होते, असे मी धरून चालले होते. सहाव्या भेटीला त्यांची लेक सोबत आली. पन्नाशीची, निरोगी, रोज धावायला जाणारी बाई. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती आणि तिचे खांदे हुबेहूब आईसारखे होते. नात दाराशी उभी राहून फोनवर बोलत होती. तिच्याकडे मी मुद्दामच पाहिले नाही, कारण तोवर मला सगळीकडे खांदेच दिसू लागले होते.

हा धागा त्या खांद्यांमुळे काढते आहे. अमेरिकेत गेली काही वर्षे एक विचार जोर धरतो आहे. तो असा, की वर्णद्वेष ही केवळ मतांची किंवा कायद्यांची बाब नाही, तो शरीरात उतरतो. गुलामगिरी, झुंडीने केलेल्या हत्या आणि काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवणारे विभक्ततेचे कायदे यांचा आघात आईकडून लेकीकडे, बापाकडून लेकाकडे देहाच्या वाटेने जातो. आणि म्हणून त्यावर शरीराच्याच पातळीवर उपचार करावे लागतात, नुसत्या प्रबोधनाने तो जात नाही. यांतली पहिली गोष्ट मला पटते, दुसरीबद्दल शंका आहे आणि तिसरीवर माझी भाकरीच अवलंबून आहे, त्यामुळे तिच्याबद्दल मी निःपक्षपाती असू शकत नाही.

पहिल्या गोष्टीला चांगला आधार आहे. मिशिगन विद्यापीठातील आर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये एक निरीक्षण मांडले. गोऱ्या स्त्रियांमध्ये विशीत आई होणाऱ्यांची बाळे सर्वांत सुरक्षित असतात. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये मात्र विशीत आई झालेल्यांची बाळे, अठरा-एकोणिसाव्या वर्षी आई झालेल्यांच्या बाळांपेक्षा अधिक दगावत होती. ज्या वयात शरीर भरात यायचे, त्या वयात ते झिजू लागले होते. जेरोनिमस यांनी याला ‘वेदरिंग’ असे नाव दिले. उन्हापावसाने दगड झिजतो तसे झिजणे हा त्या शब्दाचा एक अर्थ आणि वादळातून तगून निघणे हा दुसरा. दोन्ही इथे लागू पडतात. पुढे २००६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल अशा मोजमापांवरून शरीरावर साचलेल्या ताणाचा हिशेब मांडला. त्यात सर्वाधिक बोजा गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांवर निघाला, यात नवल नाही. दुसऱ्या क्रमांकावर गरीब नसलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया निघाल्या, हे मात्र थांबायला लावणारे आहे. म्हणजे पैसा आला तरी खांदे खाली आले नाहीत.

आता माझा प्रश्न. हे सारे ‘वारशाने आले’ असे म्हणणे कितपत खरे आहे, आणि तसे म्हणण्याने बरे होण्याची वाट मोकळी होते की अडते? येथे जीवशास्त्रातले आणि इतिहासातले जाणकार आहेत, म्हणून विचारते.


गुणसूत्र :

मी पुण्यात रेण्वीय जीवशास्त्रात काम करतो. ‘आघात जनुकांतून उतरतो’ हे वाक्य हल्ली इतक्या सहजपणे वापरले जाते, की त्यामागे नेमके काय आहे ते सांगायला हवे.

आजीच्या पोटात आई असते, तेव्हा त्या गर्भातल्या मुलीच्या बीजकोशात तिच्या साऱ्या अंडपेशी तयार होत असतात. म्हणजे ज्या अंडपेशीपासून मी झालो, ती आधी आजीच्या पोटात होती. त्या महिन्यांत आजीवर उपासमार किंवा दहशत आली, तर ती एकाच वेळी तीन पिढ्यांवर येते. ऐकायला हे अद्भुत वाटते, पण संशोधकाच्या दृष्टीने हीच अडचण आहे. कारण तिन्ही पिढ्यांनी तो फटका प्रत्यक्ष खाल्लेला असतो. आईच्या बाजूने खरा ‘वारसा’ सिद्ध करायचा, तर चौथ्या पिढीत खूण दिसली पाहिजे. जनुकांवर बसणाऱ्या ज्या रासायनिक खुणांची इतकी चर्चा होते, त्यांतल्या बहुतेक खुणा बीजपेशी तयार होताना आणि फलनानंतर अशा दोन वेळा पुसल्या जातात. पाटी पूर्ण कोरी होत नाही, पण बरीचशी होते.

अटलांटातल्याच एमरी विद्यापीठातला उंदरांवरचा प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि गाजला. चेरीच्या फुलांसारखा वास देऊन नर उंदरांना विजेचे धक्के दिले गेले आणि त्यांची मुले व नातवंडे, कधीही धक्का न बसता, त्या वासाला अधिक दचकू लागली. प्रयोग लक्षवेधी आहे, पण उंदीर आणि माणूस यांच्यामध्ये एक मोठी गोष्ट उभी असते, ती म्हणजे घर. ज्यू वंशसंहारातून वाचलेल्या माणसांवर न्यूयॉर्कमध्ये रेचल येहुदा यांच्या गटाने जो अभ्यास केला आणि ज्याचा हवाला सर्वत्र दिला जातो, त्यात वाचलेली माणसे ३२ होती आणि त्यांची अपत्ये २२. इतक्या लहान गटावरून ‘सिद्ध झाले’ असे म्हणणे शास्त्राला धरून नाही. शिवाय त्या अपत्यांना ती रासायनिक खूण बीजातून मिळाली की जेवणाच्या टेबलावरच्या शांततेतून, हे त्या अभ्यासातून वेगळे काढता येत नाही.

याउलट, मला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा साध्या वजनकाट्याचा आहे. रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स यांनी १९९७ मध्ये इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदी तपासल्या. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या मातांच्या बाळांचे सरासरी वजन ३,४४६ ग्रॅम होते, आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे ३,३३३ ग्रॅम, आणि अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे ३,०८९ ग्रॅम. कमी वजन हा ‘वंशाचा’ गुण असता, तर आफ्रिकेतून थेट आलेल्या मातांची बाळे सर्वांत हलकी भरायला हवी होती. झाले उलटेच. नंतर त्यांनी पुढच्या पिढीची नोंद पाहिली, तेव्हा बाहेरून आलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या अमेरिकेत वाढलेल्या मुलींची बाळे हलकी होऊ लागल्याचे दिसले. वारसा लागायला चार पिढ्या लागल्या नाहीत. एका बालपणात काम झाले.

रक्तदाबाचेही तसेच. रिचर्ड कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्येच समान पूर्वज असलेल्या तीन समूहांची तुलना केली. उच्च रक्तदाबाचे प्रमाण पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के, कॅरिबियन बेटांवर २६ आणि अमेरिकेत ३३ टक्के निघाले. त्यात आहार आणि वजन यांचाही वाटा आहे, हे मान्य. पण रक्तालाच दोष देणाऱ्यांनी हा चढता क्रम एकदा नीट पाहावा.


तिरकस :

स्पष्ट लिहितो, राग नसावा. वर गुणसूत्र म्हणतात की वारसा सिद्ध नाही. मग हा सारा आघाताचा बोलबाला कशासाठी? माझ्या पणज्याच्या घरातली चार माणसे प्लेगात गेली. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जात होती आणि सुकडी खाऊन तिने दिवस काढले. कोणाच्या पूर्वजांनी सोसलेले नाही? मी माझ्या ॲसिडिटीचे खापर पणज्यावर फोडत नाही. दर पिढीने आपली जखम पुढच्या पिढीच्या हाती सोपवायची ठरवली, तर कोणीच कधी बरे व्हायचे नाही.


कृष्णाकाठ :

तिरकसराव, राग मुळीच नाही. तुमचा शेवटचा मुद्दा मलाही टोचतो. पण तुमच्या उदाहरणातच उत्तर आहे. प्लेग गेला. सुकडीही गेली. दुष्काळ पुन्हा आले असतील, पण तुम्ही सकाळी कामावर निघता तेव्हा चौकात कोणी तुम्हाला थांबवून पुन्हा खडी फोडायला लावत नाही.

मागच्या वसंतात मी एका कृष्णवर्णीय सहकारी मैत्रिणीबरोबर तिच्या गाडीतून अटलांटाहून मॉन्टगोमेरीला गेले. तिचा नऊ वर्षांचा मुलगा मागे बसला होता. राज्याची सीमा यायच्या थोडे आधी महामार्गावर आरशात पोलिसांच्या गाडीचे निळे दिवे दिसले. मैत्रीण बोलत होती, ती वाक्य अर्धे सोडून गप्प झाली. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगच्या वरच्या बाजूला, बोटे पसरलेली, बाहेरून स्पष्ट दिसतील अशी स्थिरावली. गाडीची कागदपत्रे ती कप्प्यात ठेवत नाही, समोर चिमट्याला लावून ठेवते, म्हणजे काही काढण्यासाठी हात खाली न्यावा लागणार नाही. ते त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले. मी मागे वळून पाहिले. मुलाने कोणी काही न सांगता हुडीच्या खिशातून हात बाहेर काढले होते आणि ते गुडघ्यांवर पालथे ठेवले होते. पोलिसांची गाडी शेजारून पुढे निघून गेली. त्यांना दुसऱ्याच कोणाला गाठायचे होते. मैत्रिणीने रेडिओचा आवाज वाढवला. मुलाचे हात पुढची पाच-सात मिनिटे गुडघ्यांवरच होते.

गुणसूत्र, याला कोणती रासायनिक खूण म्हणायचे ते तुम्ही सांगा. मी याला वारसाच म्हणते, पण तो रक्तातून आलेला नाही. घरातून, नजरेतून, आईच्या अर्ध्यावर तुटलेल्या वाक्यातून आला आहे. आणि आई तो देते आहे ती जुनी जखम कुरवाळण्यासाठी नव्हे, तर पोर संध्याकाळी जिवंत घरी यावे म्हणून.

मॉन्टगोमेरीला आम्ही झुंडीच्या हत्यांचे स्मारक पाहायला गेलो होतो. ते २०१८ मध्ये खुले झाले. १८७७ ते १९५० या काळात मारल्या गेलेल्या ४,४०० हून अधिक कृष्णवर्णीयांची तेथे आठवण आहे. ८०० हून अधिक पोलादी स्तंभ आहेत, एकेका परगण्यासाठी एकेक, आणि त्यांवर नावे व तारखा कोरलेल्या आहेत. जेथे नाव कळलेले नाही तेथे ‘अज्ञात’. सुरुवातीला स्तंभ आपल्या समोर, माणसाच्या उंचीवर असतात, आणि आपण नाव वाचत पुढे जातो. मग पायाखालची जमीन हळूहळू उतरत जाते, स्तंभ आहे त्याच पातळीवर लटकत राहतात, आणि एका वळणानंतर लक्षात येते की आपण मान वर करून पाहतो आहोत आणि ते आपल्या डोक्यावर टांगलेले आहेत. ज्याने हे रचले त्याला शरीर कसे शिकते हे कळले आहे. तेथे मला पहिल्यांदा माझेच खांदे वर गेलेले जाणवले.


जुनी वही :

मी नांदेडकडे इंग्रजी साहित्य शिकवून निवृत्त झालो. कृष्णवर्णीयांच्या लेखनावर वर्गात तीस वर्षे बोललो, त्या अधिकाराने एक सावधगिरीची सूचना करतो.

कृष्णवर्णीयांचे शरीरच वेगळे, ही भाषा अमेरिकेत फार जुनी आहे आणि ती नेहमी त्यांच्या विरोधात वापरली गेली आहे. १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट नावाच्या दक्षिणेकडील डॉक्टरने पळून जाणाऱ्या गुलामांना एक रोग जडलेला असतो असे लिहिले आणि त्या रोगाला ‘ड्रेपटोमेनिया’ असे भारदस्त ग्रीक नाव दिले. स्वातंत्र्याची ओढ हा आजार आणि चाबूक हे औषध! याच गृहस्थाने फुप्फुसांत मावणारी हवा मोजण्याचे त्या काळी नवे असलेले यंत्र वापरून गुलामांची फुप्फुसे गोऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी तोकडी असतात, असा निष्कर्ष काढला. आणि म्हणून शेतातली सक्तीची मेहनत त्यांच्या प्रकृतीला हितकारक आहे, असे सांगितले. गुलामांची झोपडी, अन्न, धूर, धूळ यांचा विचार त्याने केला नाही. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका अभ्यासात वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टरांपैकी सुमारे निम्म्यांना, कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते यांसारख्या खोट्या समजुतींपैकी एखादी तरी खरी वाटत होती, असे दिसले. आणि अशांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी मोजली. कार्टराइट मेला, त्याचा हात अजून नाडीवर आहे.

म्हणून ‘वारशाने आलेला शारीरिक आघात’ हा शब्दप्रयोग दुधारी आहे. तो उच्चारणाऱ्याचा हेतू करुणेचा असेल. पण ऐकणारा सहज म्हणू शकतो की दोष यांच्या पेशींत आहे, आमच्या पोलीस ठाण्यात नाही. अन्यायाचे रूपांतर आजारात झाले की आरोपी गायब होतो आणि फक्त रुग्ण उरतो.

आपल्याकडचा धागाही येथे आहे, तो नोंदवतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेकडून घेतले. या माणसांना दूरदेशीच्या त्या जखमेत आपली जखम दिसली होती, पण त्यांनी ‘आम्ही आजारी आहोत’ असे म्हटले नाही.


पायवाट :

सरांचा प्रतिसाद वाचून लिहावेसे वाटले. एरवी मी येथे वाचनमात्र असतो.

माझे आजोबा गावातल्या वाड्यासमोरून जाताना चपला हातात घेत. वडील शाळामास्तर झाले, तालुक्याला घर बांधले. तरी कोणत्याही कार्यालयात शिरताना त्यांची पाठ किंचित वाकते. साहेब त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान असला तरी वाकते. मी पुण्यात संगणक क्षेत्रात आहे. गेल्या वर्षी सोसायटीच्या सभेत माझे आडनाव विचारले गेले, तेव्हा उत्तर देण्याआधी मला माझ्या पाठीत तेच जाणवले. क्षणभरच, पण ते माझे नव्हते; वडिलांचे होते.

जात आणि वर्ण एकच आहेत असे मी म्हणणार नाही. आम्हाला कोणी जहाजात कोंबून विकले नाही, आणि आमची कातडी शेजाऱ्यापासून वेगळी ओळखू येत नाही. म्हणून तर आडनाव विचारावे लागते. पण बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेत कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही प्रश्नांतले साम्य सांगितले होते, ते काही उगाच नव्हे.

सर, तुमचा मुद्दा मला मान्य आहे, आणि तरी अर्धाच मान्य आहे. ‘आम्ही आजारी नाही’ हे सभेत म्हणायला बळ देते. घरी आल्यावर वाकलेल्या पाठीचे काय करायचे, ते मात्र सभा सांगत नाही. दोष पेशींत नाही हे मला ठाऊक आहे. दुखणे मात्र माझ्याच पाठीत आहे.


ओवी :

मी मिनिॲपोलिसमध्ये शाळेत समुपदेशक आहे. २५ मे २०२० ला कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइड यांना जेथे मारले गेले, तेथून माझी शाळा फार लांब नाही. एका पोलिसाचा गुडघा त्यांच्या मानेवर ९ मिनिटे २९ सेकंद होता, हे खटल्यात नोंदले गेले. त्यानंतरच्या वर्षांत आमच्याकडे शरीराच्या अंगाने आघातावर काम करणारे गट बरेच सुरू झाले आणि त्यांतल्या एकाच्या तयारीत मी होते. उपचाराची अडचण नेमकी कोठे आहे, ती तेथे पाहिलेल्या गोष्टींवरून सांगते.

पहिल्या दिवशी खुर्च्या गोल मांडल्या होत्या. आलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी पहिल्या तिघींनी काही न बोलता आपापली खुर्ची सरकवली आणि पाठ दाराकडे येणार नाही अशी बसवली. गोल मोडला आणि नालाच्या आकाराचा झाला. मार्गदर्शिका हसली आणि म्हणाली की आजचा पहिला धडा तुम्हीच दिलात. नंतरचे काम बाहेरून पाहणाऱ्याला फार साधे वाटेल : पाय जमिनीवर टेकले आहेत हे जाणवू देणे, मान हळू वळवून खोली पाहणे, दाराकडेही पाहणे, ओठ मिटून गुणगुणणे, डुलणे. हे काही कोणा तज्ज्ञाने काल शोधलेले नाही. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये शब्दांविना घशातल्या घशात धरलेला तो लांब सूर ज्यांनी ऐकला आहे, त्यांना कळेल की शब्द संपतात तेथे देहाला सांभाळण्याची ही रीत फार पूर्वीपासून चालत आली आहे. वारसा म्हणायचा तर हाही वारसा आहे. झिजण्याचा हिशेब मांडताना आपण तो विसरतो.

गुणगुणल्याने मज्जासंस्था नेमकी कशी शांत होते, याबद्दलचे काही लोकप्रिय सिद्धांत वादग्रस्त आहेत, हे गुणसूत्र सांगतीलच. माझा अनुभव एवढाच, की काही बायकांना अनेक वर्षांनी सलग झोप लागली, आणि काहींना काहीच फरक पडला नाही.

पण खरी कठीण गोष्ट शेजारच्या खोलीत होती. तेथे गोऱ्या लोकांचा स्वतंत्र गट बसे. वेगळा का, असे मीही विचारले होते. उत्तर असे मिळाले, की एकत्र बसवले की गोऱ्या माणसांना रडू कोसळते आणि कृष्णवर्णीय स्त्रिया आपले काम सोडून त्यांचे डोळे पुसत बसतात. हे मी स्वतः घडताना पाहिले आहे. त्या खोलीतल्या एका शिक्षिकेने सांगितले की पालकसभेत एका कृष्णवर्णीय वडिलांनी आवाज चढवला, तेव्हा ते काय म्हणत होते हे कळण्याआधीच तिचा हात टेबलावरच्या फोनकडे गेला. ती वाईट बाई नाही. तिची मते उत्तम आहेत. तिच्या अंगणात वर्णद्वेषाविरुद्धचा फलकही आहे. पण हात मतांच्या आधी निघाला.

झुंडीच्या हत्यांची छायाचित्रे तेव्हा पोस्टकार्डांवर छापून विकली जात, आणि त्यांतल्या काहींत गर्दीमध्ये लहान मुलेही उभी दिसतात, रविवारचे कपडे घालून, कोणाचा तरी हात धरून. ती मुले मोठी झाली. त्यांच्याही देहाने त्या दिवशी काहीतरी शिकून घेतले, आणि ते काढण्यासाठी कोणी कोठल्याही दवाखान्यात गेले नाही. ‘वारशाने आलेला आघात’ म्हटले की आपण फक्त एकाच बाजूच्या नातवंडांना तपासतो.


तिरकस :

ओवीताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझा पहिला आक्षेप मी निम्मा मागे घेतो. सुकडीचे उदाहरण चुकले. उरलेला निम्मा तसाच आहे आणि तो असा : ज्या मुलाला उद्या पुन्हा निळे दिवे दिसणार आहेत, त्याला आज ‘हात सैल सोड’ असे शिकवणे हा उपचार आहे की धोका? छत गळते आहे आणि आपण खालच्या माणसाला अंग पुसायला टॉवेल देतो आहोत, असे मला वाटते.


ओवी :

टॉवेल द्यावाच लागतो, कारण माणूस भिजलेला आहे. पण तुमचा प्रश्न खरा आहे, आणि आमच्या गटातही हाच प्रश्न विचारला गेला. आम्ही मुलांना सावधपणा सोडायला शिकवत नाही. सावधपणा आला की तो केव्हा परत पाठवायचा, एवढेच शिकवतो. कृष्णाकाठ यांच्या गोष्टीतला मुलगा निळे दिवे दिसताच हात बाहेर काढतो, ते योग्यच आहे. गाडी निघून गेल्यावरची ती पाच-सात मिनिटे आमच्या हातात आहेत. निळे दिवे आमच्या हातात नाहीत. ते शहराच्या, कायद्याच्या, पोलिसांच्या प्रशिक्षणाच्या हातात आहेत, आणि तेथे टॉवेल चालत नाही हे मला मान्य आहे.


गुणसूत्र :

कृष्णाकाठ, एक विचारायचे राहिले. सरांनी वर उल्लेखलेले हवा मोजण्याचे यंत्र, म्हणजे स्पायरोमीटर, तुमच्याच विभागात असणार. त्यातली वंशानुसार होणारी आकडेमोड आता काढून टाकली आहे ना? त्या आजींचे पुढे काय झाले?


कृष्णाकाठ :

त्याबद्दल लिहायचे मी टाळत होते, पण विचारलेत तर सांगते. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी : आपण यंत्रात फुंकतो, ते किती हवा बाहेर आली ते मोजते आणि वय, उंची, लिंग यांवरून जितकी हवा ‘अपेक्षित’ आहे तिच्याशी तुलना करते. अमेरिकेत अनेक दशके या अपेक्षेत वंशाचा रकाना होता. कृष्णवर्णीय असे नोंदले की अपेक्षाच १० ते १५ टक्क्यांनी खाली येई. अशियाई म्हटले की साधारण ४ ते ६ टक्क्यांनी. म्हणजे नोकरी लागली तेव्हा मी जी फुंक मारली, तिलाही थोडी सवलत मिळाली होती, आणि मी ते बाणेदारपणे ‘शंभर टक्के’ म्हणून आईला फोनवर सांगितले होते. फुप्फुसतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने २०२३ मध्ये हा रकाना वापरू नये अशी शिफारस केली. यंत्रांतली आज्ञावली बदलायला ठिकठिकाणी वेळ लागला, आमच्याकडेही लागला.

बदल झाल्यावर जुन्या रुग्णांचे अहवाल नव्या पद्धतीने पुन्हा काढायचे काम निघाले. आजींचे नऊ वर्षांचे अहवाल होते. फुंक तीच, मोजलेली हवा तीच, कागदावरचे लिटरचे आकडे तेच. फक्त शेजारचा टक्क्यांचा रकाना बदलला. त्यांना दम लागतो म्हणून त्या पहिल्यांदा आल्या होत्या, त्या वर्षीच्या अहवालावर ‘सामान्य’ असे लिहिलेले होते आणि वजन कमी करा, चिंता कमी करा, असा सल्ला होता. नव्या हिशेबात तोच अहवाल सामान्य नव्हता.

डॉक्टरांनी त्यांना ते समजावून सांगितले, तेव्हा मी खोलीत होते. आजींनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले, चष्मा वर केला, बराच वेळ पाहिले. लेक काही बोलणार होती, तिला त्यांनी हातानेच थांबवले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, “म्हणजे तेव्हाही मला खरोखरच दम लागत होता?”

मी हो म्हटले. त्यांनी कागदांची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या की आज व्यायाम नको, आज नुसते बसू. आम्ही पाऊण तास बसलो. मी खांद्यांकडे पाहणार नाही असे ठरवले होते, तरी पाहिले. ते वरच होते.